ठाणवईचे गुडघे

परवा भाजी घेताना भाजीवाल्यानं विचारलं, "सर, तुम्ही मराठीचे. ऑरगॅनिकला मराठीत काय म्हनायचं?" मी म्हणालो, "माहीत नाही." तो भेंडी तोलता तोलता थांबला. मीही थांबलो. तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवली, पण हे दोन शब्द वर्गात एकदाही तोंडातून बाहेर पडले नव्हते. भाजीच्या गाडीसमोर उभं राहून ते म्हटले आणि असं हलकं वाटलं की पाव किलोऐवजी अर्धा किलो भेंडी घेऊन घरी आलो. बायकोनं विचारलं, एवढी कशाला? म्हटलं, माहीत नाही. आता सवयच लागली आहे.

मी मूळचा धुळ्याचा. बाप कापडाच्या दुकानात मोजणीला, घर भाड्याचं, शेतीशी संबंध फक्त बाजारापुरता. नोकरी मात्र लागली यावल तालुक्यात, केळीच्या बागांमधल्या एका कॉलेजात. बारावीला एक जुनी, गाजलेली कादंबरी लावलेली असायची. मास्तरांच्या दृष्टीनं अशी कादंबरी म्हणजे कठीण शब्दांचं पोतं. शंभर वर्षांपूर्वीची घरं, भांडी, दागिने, नाती. बाहेरच्या लोकांना वाटतं की मराठीचा मास्तर साहित्य शिकवतो. तसं नाही. तो फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात 'शब्दार्थ' असं लिहून खाली रेघ मारतो, आणि मुलं पेनं काढतात. रेघेच्या खालचं तेवढं परीक्षेत येतं अशी सर्वांची श्रद्धा असते. रेघेच्या वरचं मास्तराच्या समाधानासाठी.

आता खरी गोष्ट सांगतो. त्यातले निम्मे शब्द मलाही येत नसत. शब्दकोश ग्रंथालयाच्या कपाटात होता आणि कपाटाची किल्ली ग्रंथपालाकडे. ग्रंथपालाला बाकी सगळ्या कामांना लावत, ग्रंथालय सोडून. पुढे मोबाइल आला, त्यात शब्दकोशही आला. पण वर्गात मोबाइल काढायचा नाही हा नियम मीच केला होता, आणि नियमाचा मी पक्का. तेव्हा उरला एकच मार्ग: अंदाज. अंदाज करताना पथ्य एकच. उशीर करायचा नाही. मुलानं शब्द विचारला की श्वास घ्यायच्या आत अर्थ सांगायचा. मास्तर खिडकीबाहेर बघायला लागला की वर्गाला वास येतो.

पहिल्याच वर्षी एका मुलीनं 'कणगी' विचारली. मी ताबडतोब म्हणालो, "एक दागिना. दंडात घालतात." वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातले भूगोलाचे सर बघायला आले. बांबूची, शेणानं सारवलेली, धान्य ठेवायची कणगी त्यातल्या दहा जणांच्या घरी उभी होती. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आमची आजी दंडात घालते ना, दोन पोते ज्वारीसकट!" त्या दिवशी मी नियम केला: शेतीच्या शब्दांवर अंदाज करायचा नाही. श्रीमंतांच्या घरातल्या शब्दांवर करायचा. वाड्यात काय असतं ते मलाही ठाऊक नव्हतं, पण पोरांनाही नव्हतं.

एकदा दीपनगरच्या कॉलनीत शिकवणी घेत होतो. वीज केंद्रातल्या साहेबांची मुलं, हातात मोबाइल. एकानं माझा अर्थ तपासला आणि म्हणाला, "सर, इथे वेगळं दाखवतंय." मी म्हणालो, "तो पुण्याचा अर्थ आहे." पुढच्या आठवड्यापासून शिकवणी बंद झाली. त्यांनी केली की मी, हे अजून नक्की नाही.

तर अशी माझी शब्दार्थांची वही वर्षानुवर्षं वाढत गेली. तिची झेरॉक्स निघायची, झेरॉक्सची झेरॉक्स निघायची. आणि त्या वहीत एके वर्षी आली ठाणवई.

कादंबरीत नायिकेच्या माजघरात कोपऱ्यात ठाणवई उभी असते. नवरा परगावी गेलेला, नायिका रात्रभर तिच्याकडे बघत जागी राहते. एकदा तिच्या पायाशी बसून पत्र वाचते आणि रडते. मी वर्गात मोठ्यानं वाचत होतो. तायडेताईंनी हात वर केला, "सर, ठाणवई म्हंजे?"

मी श्वास घेतला नाही. म्हणालो, "घरातली म्हातारी मोलकरीण."

या सुनंदा तायडे. चौतीस वर्षांच्या, गावातल्या अंगणवाडीत मदतनीस. नऊ वर्षं पोरांना खिचडी शिजवून घालत होत्या. त्यांच्या सेविका येत्या जूनमध्ये निवृत्त होणार होत्या आणि त्या जागेवर मदतनिसाचा पहिला हक्क होता, पण बारावी पास असेल तरच. म्हणून सतरा नंबरचा फॉर्म भरून त्या बाहेरून परीक्षेला बसल्या होत्या आणि दर रविवारी आमच्या जादा तासाला यायच्या. "सर, ही जागा गेली की नवी पोरगी येईल," त्या म्हणायच्या, "वीस-बावीसची. ती रिटायर होईल तव्हा मी मसनात. मले हा एकच उन्हाळा आहे."

इतर मुलं शब्दार्थ लिहून घ्यायची, ताई ते पाठ करायच्या. रोज पाच शब्द. अंगणवाडीच्या चुलीशेजारच्या भिंतीवर खडूनं लिहायचे, खिचडी ढवळता ढवळता म्हणायचे आणि पाठ झाले की ओल्या फडक्यानं पुसायचे. अंगणवाडीतली चार वर्षांची पोरं 'फडताळ, तिवई, अडसर' असं म्हणत शिवणापाणी खेळायची, असं मी ऐकलं आहे. अशा विद्यार्थिनीला मी मोलकरीण दिली.

पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा हात वर केला. "सर, मले एक सांगा, ही ठाणवई जेवते कव्हा?"

"म्हणजे?"

"मी सगळं पुस्तक वाचलं. ती नुसती उभीच. तिले कोणी बस म्हनत नाही, जेव म्हनत नाही. एक शब्द कोणी तिच्याशी बोलत नाही."

प्रामाणिक माणूस इथे कपाटाची किल्ली शोधायला गेला असता. मी टेबलावर हात आपटला. "तायडेताई, हीच तर लेखकाची कला! ती बोलत नाही, यातच सगळं आलं!" आणि त्या आवेशात मी फळ्यावर ठाणवईचं स्वभावचित्रच लिहून दिलं. कष्टाळू, अबोल, धन्याच्या घरासाठी झिजलेली. नायिकेच्या दुःखाची एकमेव साक्षीदार. आणि पात्र जिवंत वाटावं म्हणून पदरचं एक वाक्य घातलं: 'रात्र रात्र उभे राहून तिला गुडघ्यांचा त्रास जडला असावा, परंतु तिने कधी तक्रार केली नाही.' दोन मुलींनी डोळे पुसले. मलाही भरून आलं. स्वतःच्या थापेवर रडलेला मराठीचा मास्तर मीच पहिला, असं म्हणणार नाही. या धंद्यात स्पर्धा आहे.

मार्चमध्ये परीक्षा झाली. प्रश्न आला: कादंबरीतील तुम्हाला भावलेल्या एका दुय्यम पात्राचे स्वभावचित्र लिहा. पेपर सुटल्यावर ताई गेटपाशी भेटल्या, चेहरा उजळलेला. "सर, ठाणवई आली!" मीही खूश.

आता पेपर तपासणीची रीत थोडक्यात सांगतो. आमच्या जिल्ह्याचे गठ्ठे दुसरीकडे जातात, दुसरीकडचे आमच्याकडे येतात. परीक्षक लाल शाईनं तपासतो, मग गठ्ठा घेऊन नियामकाकडे जातो. नियामक म्हणजे परीक्षकाचा परीक्षक, त्याची शाई हिरवी. माझे नियामक धुळ्याचे देसले सर. उंच, कडक, हिरव्या पेनाला टोपण न लावणारे. एप्रिलच्या उन्हात मी एसटीनं गठ्ठा घेऊन धुळ्याला गेलो. कॉलेजच्या एका खोलीत कूलर घरघरत होता, आठ-दहा परीक्षक बसले होते. माझा गठ्ठा दिला, सही केली, आणि डबा उघडणार एवढ्यात पलीकडच्या बाकावर वाणी मॅडम हसायला लागल्या.

"अहो ऐका, ऐका! 'मला भावलेले पात्र म्हणजे ठाणवई ही वृद्ध मोलकरीण होय!'"

सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं मी हसलो. खरंच सांगतो, बाकावर थाप मारून हसलो. का हसलो? सगळे हसत होते म्हणून. वर्गात तीस वर्षं हेच तर शिकवलं होतं: कळलं नाही तर उशीर करायचा नाही.

मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, "ठाणवई हो! माझ्या माहेरी होती. दिवा ठेवायचा लाकडी खांब. खाली बैठक, वर पणतीपुरती जागा. ती काय मोलकरीण?"

मी बाकावरचा हात उचलला. दिवा. रात्रभर कोपऱ्यात उभी. तिच्या पायाशी बसून पत्र वाचलं. अर्थातच! उजेड तिथेच होता ना, पत्र वाचायला दुसरीकडे कुठे बसणार?

"आणि गंमत म्हणजे," मॅडम पुढे वाचत होत्या, "हिला गुडघेदुखी आहे!"

पुन्हा हशा. मॅडमनी दुसरी उत्तरपत्रिका उघडली, तिसरी उघडली, आणि हसणं हळूहळू कमी झालं. "सर, हे बघा. यातही गुडघे. यातही. शब्दाला शब्द."

देसले सर उठून आले. त्यांनी दहा-बारा उत्तरपत्रिका चाळल्या. रागावले की ते अहिराणीत शिरत. "हाई काय शे भो? बठ्ठासनी एकच लिखेल शे!" मग एकदम कागदोपत्री मराठीत आले. "बरोबर उत्तर सारखं असेल तर समजू शकतो. इतकं चुकीचं उत्तर चाळीस जणांना एकाच वेळी सुचत नाही. परीक्षेत कोणीतरी फळ्यावर लिहून दिलंय. ही सामूहिक कॉपी आहे. अहवाल पाठवतो. केंद्राचा निकाल राखून ठेवतील, चौकशी होईल."

"किती दिवस?" मी विचारलं.

"जुलै-ऑगस्ट. तुम्हाला काय करायचंय? जेवा."

मी डबा उघडला. जुलै-ऑगस्ट. ताईंच्या अर्जाची मुदत जूनमध्येच संपत होती.

आता तुम्हाला वाटेल, मी उठलो आणि सत्य सांगितलं. नाही. मी डबा बंद केला, सर्वांना नमस्कार केला आणि स्टँडवर गेलो. जळगावची गाडी लागलीच होती. खिडकी मिळाली. मनात हिशेब चालू होता: निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय, उत्तरपत्रिकेवर माझं नाव कुठे आहे, चौकशी झाली तरी मुलं निर्दोषच ठरणार, थोडा उशीर होईल इतकंच. थोडा उशीर! चौतीस वर्षांच्या बाईचा एकच उन्हाळा, आणि मी त्याला थोडा उशीर म्हणत होतो. गाडी शहराबाहेर पडली. फागण्याच्या थांब्याला मी उठून घंटीची दोरी ओढली.

कंडक्टर म्हणाला, "आबा, तिकीट जळगावचं शे ना?"

"हो. मागे काही राहिलं."

"काय राहिलं?"

"चाळीस पोरं."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि दार उघडून दिलं. रिकामी परतणारी काळी-पिवळी मिळाली. तिचा ड्रायव्हर वाटेत दोनदा चहाला थांबला आणि दोन्ही वेळा मी त्याला ओरडलो. आयुष्यात प्रथमच मला लाज वाटून घ्यायची घाई झाली होती.

खोलीत पोचलो तेव्हा देसले सरांनी अहवालाचं पाकीट चिकटवायला घेतलं होतं. मी दारातूनच म्हणालो, "सर, ती मोलकरीण माझी आहे."

कूलरच्या घरघरीत सगळ्यांना 'माझी आहे' एवढंच ऐकू गेलं असावं, कारण वाणी मॅडम दचकून उभ्या राहिल्या. मी आत येऊन सगळं सांगितलं. वही, फळा, रेघ, अंदाज. देसले सर डोळे बारीक करून ऐकत होते. मग म्हणाले, "बोरसे सर, पोरांना वाचवायला कोणीही मास्तर असं सांगेल. पुरावा काय?"

"म्हणू का?"

"काय?"

"स्वभावचित्र."

आणि मी उभा राहून म्हणायला लागलो. शाळेत कविता म्हणतात तसा, हात मागे बांधून. मॅडम उत्तरपत्रिकेवर बोट ठेवून माझ्या मागोमाग सरकत होत्या. "...'धन्याच्या घरासाठी झिजलेली.' बरोबर. 'दुःखाची एकमेव साक्षीदार.' बरोबर." गुडघ्यांपाशी मी अडखळलो. देसले सर पुढे वाकले, "म्हणा, म्हणा." मी गुडघ्यांसकट म्हटलं. मॅडमनी बोट उचललं आणि म्हणाल्या, "स्वल्पविरामसुद्धा यांचाच आहे."

खोलीत कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

देसले सरांनी कोरा कागद पुढे सरकवला. "लिहून द्या. तुमच्या हस्ताक्षरात. आणि वहीची प्रत उद्यापर्यंत." मी लिहिलं: 'ठाणवई ही निर्जीव वस्तू असताना अज्ञानामुळे मी तिला सजीव मानले व तसे अध्यापन केले. विद्यार्थ्यांनी ते वर्गात शिकविल्याप्रमाणे लिहिले असून त्यांचा कोणताही दोष नाही.' इतकी स्वच्छ दोन वाक्यं मी नोकरीत दुसरी लिहिली नाहीत. सरांनी कागद वाचला, आपला अहवाल पाकिटातून काढला आणि आडवा फाडला.

"कॉपी नाही," ते म्हणाले. "पण गुणही नाहीत. या प्रश्नाला सर्वांना शून्य."

वाणी मॅडम म्हणाल्या, "सर, भाषेचा एखादा?"

"भाषा यांची शे ना! यांना देऊ?" मग ते पेनाला टोपण लावत माझ्याकडे वळले. "एक विचारतो. बाकीचं समजलं. पण गुडघे कशाला?"

"माझे दुखतात, सर."

तेव्हा कुठे ते हसले. पुढच्या वर्षी परीक्षकांच्या यादीत माझं नाव नव्हतं. ती शिक्षा होती असं सगळे म्हणतात. एप्रिलच्या उन्हात घरी पडून राहणं ही शिक्षा असेल तर मला जन्मठेप द्यावी.

पण निकालापर्यंत माझी झोप उडालीच होती. शून्य माझ्यामुळे, आणि ताईंचं इंग्रजी यथातथाच. मराठीच्या आधारावर त्या उभ्या होत्या, आणि तो आधार मीच कापला होता. निकालाच्या दिवशी दुपारी फोन आला. "सर! झाली मी! मराठीत जरा कमीच पडले, पण झाली!" मी खुर्चीत बसलो. बायकोनं पाणी आणून दिलं, तिला वाटलं कोणी गेलं. मग मी ताईंना फोनवरच सगळं सांगून टाकलं. ठाणवई बाई नव्हती, दिव्याचा खांब होता. गुण का कमी पडले तेही.

ताई म्हणाल्या, "अहो सर, हे काय केलं तुम्ही!"

"चुकलो, ताई."

"मार्काचं नाही हो. माझ्या सासूले कोण सांगणार?"

मग कळलं ते असं. ताई रविवारी तासाला यायला लागल्या तेव्हा सासूबाईंची कुरकुर असायची. घरचं कोण पाहील? ताईंनी एकदा स्वयंपाक करता करता त्यांना ठाणवईची गोष्ट सांगितली. म्हातारीनं पुढच्या रविवारपासून चूल स्वतःकडे घेतली. "म्हने, तू जाय. घरात उभी राहून राहून बाईचं काय होते ते पाहिलं मी. तू शिक." ताई पुढे म्हणाल्या, "आता ती बाईच नव्हती, हे मी नाही सांगणार. तुम्ही या."

जूनअखेर ताईंना सेविकेची ऑर्डर मिळाली, आणि मी पेढे घेऊन त्यांच्या गावी गेलो. सासूबाई, म्हणजे आक्का, ओट्यावर बसल्या होत्या. वय ऐंशीच्या घरात. माझी ओळख होताच त्यांनी हात धरून शेजारी बसवलं आणि विचारलं, "सर, त्या बाईचं शेवटी काय झालं हो? पुस्तकात मरते का ती?"

तीस वर्षांच्या सवयीनं तोंड उघडलं. एक छान शेवट तयारही झाला होता. ताई दारात उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. मी श्वास घेतला. चांगला लांब घेतला.

"आक्का, ती बाई नव्हतीच. मला शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. मी खोटं सांगितलं. ठाणवई म्हणजे दिवा ठेवायचा लाकडाचा खांब."

आक्का माझ्याकडे बघत राहिल्या. "लाकडाचा?"

"लाकडाचा."

"मंग कोणाची लेक नव्हती ती?"

"नाही आक्का. कोणाचीच नाही."

त्यांनी हळूच माझा हात सोडला, भिंतीला पाठ टेकली आणि पाय लांब केले. "सुटले बाई," त्या म्हणाल्या. "हिवाळ्यापासून जीव लागून राहिला होता माझा. कोणाची असेल, काय असेल. संध्याकाळी दिवा लावला की तिच्या नावानं हात जोडत होते मी रोज. फुकटच गेले ना ते नमस्कार?"

"नाही आक्का," मी म्हणालो, "ते बरोबर पत्त्यावर गेले."

आक्कांना कळायला क्षणभर लागलं. मग त्या असं हसल्या की त्यांना ठसका लागला. ताई पाणी आणायला आत धावल्या, आणि पाणी पिऊन झाल्यावर आक्कांनी माझ्या पाठीत एक धपका घातला. तीस वर्षांत कोणीतरी घालायला हवा होता, तो.